साचलेल्या पाण्यातून जाताना पायाला झिणझिण्या आल्या, तर नेमकं काय करायचं?

सांजवारा

परवा संध्याकाळी मुलीला क्लासमधून घेऊन परत येत होते. पाऊस असा की समोरचं दिसेना. आमच्या गल्लीच्या वळणावर गुडघ्याच्या जरा खाली एवढं पाणी साचलं होतं. पाण्यातून चालायची आता सवय झाली आहे, त्यामुळे फार विचार न करता तिचा हात धरून निघाले. वळणावरच्या दिव्याच्या खांबापासून पाच-सहा पावलांवर असताना पोटऱ्यांमध्ये कसंतरी व्हायला लागलं. मुंग्या आल्यासारखं, पण लयीत. पुढचं पाऊल टाकलं तर ते वाढलं. मुलगी म्हणाली, "आई, पाणी चावतंय."

तिच्या त्या तीन शब्दांनी मी जागी झाले. तिला उचलून घेतलं, जशी आले तशी मागे फिरले. चार पावलांत झिणझिण्या थांबल्या. मग तिथेच कोरड्या पायरीवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून थांबवत होते. दोघे जण हसले, बाकीचे वळले.

आता रात्री झोप लागत नाही, म्हणून विचारते. मी केलं ते बरोबर होतं का? तिला उचलून घ्यायला हवं होतं की नको? आणि असं पुन्हा झालं, तर अंगात भिनलेलं असावं असं नेमकं काय आहे?

एकतार

बापरे. दोघी सुखरूप आहात, हे सगळ्यात महत्त्वाचं. मागे फिरलात हे शंभर टक्के बरोबर. बाकी जाणकार सांगतीलच.

काजवा

आमच्याकडेही एका खांबाला पावसात हात लावला की करंट लागतो. सगळ्यांना माहीत आहे, सगळे त्याला वळसा घालून जातात. तक्रार कोणी केली आहे का, हे आज पहिल्यांदाच डोक्यात आलं.

ओमचा_नियम

सांजवारा, तुम्ही मागे फिरलात म्हणून आज हा धागा लिहू शकलात. मी विद्युत अभियंता आहे, जरा सविस्तर लिहितो.

खांबात करंट उतरला की तो जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात पसरतो. खांबाच्या बुडाशी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वांत जास्त असतो आणि दूर जाऊ तसा तो कमी होत जातो. खांबाजवळ हा उतार फार तीव्र असतो. तुमचा एक पाय खांबापासून चार मीटरवर आणि दुसरा साडेतीन मीटरवर असेल, तर दोन्ही पायांखालचा दाब वेगवेगळा. या फरकामुळे प्रवाह तुमच्या एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो. पाऊल जितकं लांब टाकाल, तितका फरक मोठा. म्हणून पुढचं पाऊल टाकल्यावर झिणझिण्या वाढल्या.

आता उत्तर. झिणझिण्या जाणवल्या की जागच्या जागी थांबा. पाय जवळ घ्या. ज्या दिशेनं आलात त्याच दिशेनं, पाय न उचलता, टाचेला अंगठा चिकटवून सरकत सरकत मागे या. पळायचं नाही, ढांगा टाकायच्या नाहीत आणि तोल सांभाळायला खांब, कठडा, जाळी, शटर असलं काहीही धातूचं धरायचं नाही. पाण्यात हात टेकला, तर प्रवाहाला छातीतून वाट मिळते. पडायचं तर अजिबात नाही.

मुलीला उचललंत हे माझ्या मते योग्यच. तिचे पाय पाण्याबाहेर आले आणि तुम्ही दोघी एकच झालात. हात धरून चाललं असतं तर एक खांबाजवळ आणि एक लांब, अशी हातातून हातात वाट तयार होऊ शकते. फक्त उचलण्याच्या नादात तोल जाणार नाही ना, एवढंच बघायचं.

मधली_सुट्टी

"पाणी चावतंय" वाचून अंगावर काटा आला. मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. लहान मुलांना करंट हा शब्द कळतो, पण अनुभव ओळखता येत नाही. "पाणी चावलं तर मागे फिरा" हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

बिनछत्री

एक शंका. पायात रबरी चपला असतील तर करंट लागत नाही ना? मी तरी पावसाळाभर त्याच भरवशावर फिरतो.

ओमचा_नियम

बिनछत्री, हा भरवसा आजच सोडा, कळकळीनं सांगतो. कोरड्या फरशीवर कोरडी चपल काही अंशी आड येते. पण पाणी चपलेच्या वर आलं, की तुमचा पाऊल-घोटा थेट पाण्यात असतो. प्रवाहाला तळव्यातूनच यायला हवं असं थोडंच आहे? गमबूटही आतून ओला झाला, भेगाळला, की तेच. लाइनवर काम करणाऱ्यांचे हातमोजे ठराविक व्होल्टेजला तपासलेले असतात आणि पुन्हा पुन्हा तपासले जातात. बाजारातल्या बुटांची अशी तपासणी झालेली नसते.

बिनछत्री

हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

जुना_लाइनमन

सांजवारा ताई, मी तीस वर्षं तारेवर काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही पायरीवर उभं राहून लोकांना थांबवत होतात ना, ते काम सगळ्यात मोठं. करंट उतरलेला खांब दिसायला इतर खांबांसारखाच असतो. दिवासुद्धा नीट लागलेला असतो. त्यामुळे लोकांचा विश्वास बसत नाही, हसणारच.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण) एक करा. वीज कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करताना "खांबात करंट आहे" एवढंच सांगू नका. खांबावर रंगवलेला क्रमांक लांबून दिसत असेल तर तो सांगा, नसेल तर जवळची ठळक खूण सांगा. "पाण्यात करंट आहे, माणसं ये-जा करतायत, आधी सप्लाय बंद करा" हे वाक्य जसंच्या तसं बोला. दिवा लागत नाही ही एक तक्रार असते आणि माणूस मरेल ही दुसरी. फोन घेणाऱ्याला फरक कळला पाहिजे.

आणि क्रमांक बघायला म्हणून जवळ जाऊ नका.

काजवा

काका, पण खांबात करंट उतरला तर फ्यूज उडायला नको का? आमचा तो खांब तीन पावसाळे तसाच आहे.

ओमचा_नियम

काजवा, हा प्रश्न फार मोलाचा आहे. लोकांना वाटतं, जमिनीला करंट मिळाला की सगळं आपोआप बंद होतं. तसं होत नाही.

आकडा मांडून बघू. पुरवठा २३० व्होल्टचा. खांबाच्या बुडाचा जमिनीशी असलेला रोध समजा २० ओहम. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. त्या लाइनीवरचा फ्यूज ३२ अँपिअरचा असेल, तर त्याच्या दृष्टीनं हे म्हणजे एखादा मोठा गिझर चालू आहे, इतकंच. तो कशाला उडेल? खांब तसाच जिवंत राहतो, आठवडे, महिने. कोरड्या दिवसांत कोणाला फारसं जाणवत नाही, पाऊस पडला की अंगाशी येतो.

म्हणून खांबाला नुसता जमिनीत गाडून भागत नाही. फॉल्टचा प्रवाह स्रोतापर्यंत परत नेणारी धातूची अखंड वाट लागते, म्हणजे अर्थिंगची तार शेवटपर्यंत जोडलेली लागते. ती असेल तर प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो आणि फ्यूज लगेच उडतो. ती तार गंजून तुटली असेल, तर वरकरणी काहीच बिघडलेलं दिसत नाही.

काजवा

म्हणजे तीन पावसाळे आम्ही... उद्या सकाळी पहिलं काम तक्रार.

स्पंदन

मी अतिदक्षता विभागात काम करते. माझ्या बाजूनं थोडं.

शरीराला धोका व्होल्टेजच्या आकड्यावरून ठरत नाही, किती प्रवाह कुठून गेला आणि किती वेळ गेला यावर ठरतो. साधारण १ मिलिअँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाला, झिणझिण्या जाणवायला लागतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वासाचे स्नायू आवळले जाऊ शकतात, आणि त्याहून वर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याची भीती. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, भिजल्यावर पूर्ण शरीराचा मिळून हजाराच्या आसपास धरतात. ओमचा_नियम यांचाच हिशेब लावला तर २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. भिजलेला माणूस किती उघडा असतो बघा.

"वायर चिकटली" असं आपण म्हणतो ना, वायर काही ओढून घेत नाही. बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. प्रवाह दोन्हींना एकदम आखडवतो, जिंकते ती मूठ. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी यावर स्वयंसेवकांसोबत मोजमापं केली होती. हात सोडवता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअर निघाली. १९६१ मध्ये त्यांनीच गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण तयार केलं.

सांजवारा, तुम्हाला दोघींना नंतर छातीत धडधड, चक्कर असं काही जाणवलं का? जाणवलं असेल तर एक ईसीजी काढून घ्या. नसेल तर घाबरू नका.

सांजवारा

स्पंदन, नाही, काहीच नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून उद्या डॉक्टरांकडे जाऊन येते, मनाचं समाधान होईल.

लेकीनं मागे सरकायची चाल घरात करून बघितली. तिचं म्हणणं, ही पेंग्विनची चाल आहे. आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पेंग्विन ये-जा करतायत.

मधली_सुट्टी

पेंग्विन चाल! हेच नाव वर्गात वापरते. 😊

बिनछत्री

मी आत्ता करून बघितली. ओल्या फरशीवर पाय सरकवताना तोल जातो हो, गुडघे किंचित वाकवले की जमतं.

शेतवाट

आमच्या गोष्टीत खांब नव्हता, तुटलेली तार होती. रात्रभर वादळ झालं. सकाळी चुलतभाऊ गुरं घेऊन निघाला. बांधाच्या पलीकडे तार पडली होती, उंच गवतात दिसलीच नाही. पुढची दोन गुरं उभ्या जागी कोसळली. भाऊ त्यांच्या मागे दहा-बारा पावलांवर होता, त्याला काही झालं नाही. आम्ही तेव्हा म्हणालो, दैव बलवत्तर. आज ओमचा_नियम यांचं वाचून कळतंय. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय केवढ्या अंतरावर असतात! आणि मधल्या वाटेवर काळीज.

जुना_लाइनमन

शेतवाट, बरोबर ओळखलंत. गुरं पहिली जातात ती याचसाठी. आणि भावाला सांगा, गुरं कोसळली तेव्हा त्यांच्याकडे धावला नाही म्हणून तो वाचला.

मी एक प्रसंग सांगतो. जागा सांगत नाही. पावसातली तक्रार होती, तार पडली आहे म्हणून. आम्ही पोचलो तर तार ओल्या गवतावर निपचित पडलेली. ठिणगी नाही, आवाज नाही. बघणारे म्हणतात, "मेलेली आहे, आम्ही मगाशी काठीनं ढकलली." मी वाकून बघितलं, तर तारेच्या टोकाशी गवताच्या पात्यांची टोकं काळी पडली होती, आणि एवढ्या पावसात तिथली वीतभर माती कोरडी भुरकट होती. आम्ही सगळ्यांना मागे घेतलं आणि केंद्रातून लाइन बंद करून घेतली. तार तोवर जिवंतच होती. काठीवाला कसा वाचला, ते मला आजही सांगता येणार नाही.

पडलेली तार शांत असली तरी ती मेलेली समजू नका. कित्येक लाइनींवर अशी यंत्रणा असते की फॉल्टमुळे लाइन बंद पडली तर ती काही सेकंदांनी आपोआप पुन्हा चालू करून बघते, एकदा नाही, दोन-तीनदासुद्धा. झाडाची फांदी क्षणभर टेकून गेली असेल तर सगळा गाव अंधारात राहू नये म्हणून ती सोय आहे. पण आत्ता बंद दिसणारी तार तुम्ही हातात घेतल्यावर चालू होऊ शकते. शिवाय कोणीतरी घरचा जनरेटर नीट वेगळा न करता चालू केला, तर करंट उलट लाइनीवर येतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून मोठा होतो.

कमीत कमी दहा मीटर लांब. ओल्या जमिनीत त्याहून जास्त. उच्च दाबाच्या तारेला तर याहूनही लांब राहा.

दगडी_पाटी

काकांचा पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. समोर माणूस तारेला चिकटलेला असेल तर दहा मीटरवर उभं राहून फोन करायचा? लहानपणापासून शिकलोय की सुक्या लाकडानं बाजूला करावं. माझ्या वडिलांनी असाच एकाचा जीव वाचवला होता.

जुना_लाइनमन

दगडी_पाटी, तुमच्या वडिलांना नमस्कार. घरातल्या पुरवठ्याची वायर होती का? कोरड्या जागी होती का? तसं असेल तर जमतं, आणि त्यांनी केलं ते धाडसाचं होतं. पण इथे विषय भर पावसाचा आहे. पावसात सुकं लाकूड आणणार कुठून? आणि रस्त्यावरची तार २३० ची की ११,००० व्होल्टची, हे पडलेल्या तारेकडे बघून मलाही सांगता येत नाही. अकरा हजाराला तुमची काठी काठी राहत नाही. शिवाय तारेपर्यंत पोचायच्या आधी पायाखालची जमीन तुम्हाला पाडते.

माझ्या नोकरीत मी ज्या मयतांच्या जागी गेलो, तिथे बऱ्याचदा एक माणूस तारेजवळ आणि एक त्याच्यावर पडलेला, असं बघितलं. दुसरा नेहमी भाऊ, मुलगा, मित्र. हे लिहिताना हात थांबतो.

दगडी_पाटी

काका, घरातली वायर होती, मोटारीची. समजलं. शब्द मागे घेतो.

स्पंदन

दगडी_पाटी यांची तळमळ मला कळते, म्हणून मदत करणाऱ्यानं काय करायचं तेही लिहिते.

आधी पुरवठा बंद. घरातली वा अंगणातली वायर असेल तर मेन स्विच. रस्त्यावरची असेल तर वीज कंपनी, आणि बंद झाल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत थांबणं. जीव तुटतो, पण थांबायचं. पुरवठा बंद झाला की त्या माणसाच्या अंगात करंट साठून राहत नाही, त्याला बिनधास्त हात लावा. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं की रुग्णवाहिका बोलवायला एकाला सांगून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा, कोपरं सरळ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसाल तर नुसते दाब देत राहा. जवळपास हृदयाला झटका देणारं स्वयंचलित यंत्र असेल तर ते मागवा आणि माणसाची छाती पुसून कोरडी करा, पाण्यात पडला असेल तर बाहेर घ्या.

विजेच्या धक्क्यात हृदय बहुतेक वेळा अचानक विस्कळीत झालेलं असतं, बाकी शरीर धडधाकट असतं. म्हणून लवकर सुरू केलेल्या दाबांनी माणूस परत येण्याची आशा खरी असते. सोडू नका.

आणि जो स्वतः उठून "मी ठीक आहे" म्हणतो त्यालाही दवाखान्यात न्या. कातडीवर रुपयाएवढा डाग आणि आत स्नायू भाजलेले, असं असू शकतं.

रानभूल

मी डोंगरात फिरणारा. आकाशातली वीज अंगावर पडलेल्या माणसालाही हात लावला तर चालतो का? आमच्या गटात एकदा यावरून वाद झाला होता.

स्पंदन

लगेच लावा. वीज पडून गेली, ती संपली. त्याच्या अंगात काही उरत नाही. तुटलेल्या तारेला चिकटलेला माणूस वेगळा, कारण तिथे पुरवठा चालूच असतो. हा फरक न कळल्यानं वीज पडलेल्यांना वेळेत मदत मिळत नाही, म्हणून रानभूल, तुमच्या गटात हे सांगाच.

रानभूल

सांगतो. अवांतर होतंय, पण अजून एक. गडगडाट ऐकू आला की आम्ही झाडाखाली न थांबता उघड्यावर उकिडवं बसायचं शिकलो होतो.

ओमचा_नियम

उकिडवं बसणं म्हणजे सुरक्षित होणं नव्हे, धोका किंचित कमी झाला तर झाला. वीज झाडावर किंवा जमिनीवर पडली की तिचाही प्रवाह जमिनीतून पसरतो, तोच दोन पायांमधल्या फरकाचा प्रकार. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पक्की इमारत किंवा पत्र्याचं छत असलेली बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. आवाज आणि लखलखाट यांतले सेकंद मोजून तिनानं भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण ते मोजत उघड्यावर बसू नका.

एकतार

गाडीवरून आठवलं. गाडीत असताना तार गाडीवरच पडली तर? टायर रबराचे असतात म्हणून आपण सुरक्षित, बरोबर ना?

ओमचा_नियम

सुरक्षित आहात, पण टायरमुळे नव्हे. ओले टायर उच्च दाबापुढे टिकत नाहीत. गाडीचा धातूचा सांगाडा तुमच्याभोवती सगळीकडून एकाच दाबाला असतो म्हणून तुमच्यातून प्रवाह जात नाही. आतच बसा, फोन करा, खिडकीतून ओरडून लोकांना लांब ठेवा. धोका उतरताना आहे. एक पाय जमिनीवर आणि हात दाराला, की तुम्ही पूल झालात.

गाडीला आग लागली तरच बाहेर पडायचं. दार पूर्ण उघडायचं, कशालाही न धरता दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, पाय जुळलेलेच ठेवून उतरायचं आणि मग पेंग्विन चाल.

दुचाकीला हा सांगाडा नसतो, तिच्यावर हे काही लागू नाही.

सांजवारा

पेंग्विनवालीचा एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. "मग पक्षी तारेवर कसे बसतात? त्यांचे पण दोन पाय आहेत."

शेतवाट

हुशार आहे पोर! पक्ष्यांचे पाय बोटभर अंतरावर, तेही एकाच तारेवर. फरक जवळजवळ नाहीच. मोठा पक्षी एका तारेवर बसून दुसऱ्या तारेला पंख लावतो तेव्हा मात्र खाली पडतो, मी बघितलंय.

अनुस्वार

वाचनमात्र होते, आज लिहितेच. सगळे खांब-तारांबद्दल बोलतायत, आमच्या अंगणातल्या पाण्याच्या मोटारीचं सांगते. मोटार उघड्यावर, पत्र्याखाली. मागच्या पावसाळ्यात सासऱ्यांनी ओल्या हातानं पाइप हलवला आणि झटका बसून मागे पडले. एमसीबी पडला नाही. वायरमन आला तर म्हणाला, एमसीबी तर चांगला आहे. मग त्यानं काय वाचवायचं होतं?

ओमचा_नियम

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्यावर हलतो. माणसाला मारायला त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा लागत नाही. माणसासाठी असतो तो ईएलसीबी, हल्ली आरसीसीबी म्हणतात. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला, की तो क्षणात पुरवठा तोडतो. अंगणातल्या मोटारीला, बाहेरच्या दिव्यांना, गाडी धुवायच्या पंपाला हा असायलाच हवा.

त्याच्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, पुरवठा पडला तर ठीक. पडला नाही तर आतली यंत्रणा अडकलेली आहे, बदला. आणि मोटारीची अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनला डोळ्यांदेखत दाखवायला सांगा.

अनुस्वार

आत्ता बोर्ड उघडून बघितला. ईएलसीबी नाहीच. मोटारीचं बटण बंद करून वर कागद चिकटवलाय. बसवेपर्यंत पाणी बादलीनं.

जुना_लाइनमन

अनुस्वार ताई, उत्तम केलंत. अजून एक, एक्स्टेन्शन बोर्ड पावसात बाहेर नेऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी बांधून काही होत नाही, आतच पाणी साचतं. आणि वायरला चिकटपट्टीचा जोड असेल तर ती वायर पावसाळ्यात वापरायचीच नाही.

आणखी दोन. ओला पतंगाचा मांजा, ॲल्युमिनियमची शिडी, लांब दांड्याची छत्री, गच्चीवरून पाणी काढायचा लोखंडी पाइप, या वस्तू हातात घेण्याआधी वर मान करून तार बघायची. खांबाचा ताण, म्हणजे जमिनीत तिरकी रोवलेली तार, तिला गुरं आणि कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही बांधायची नाहीत.

सांजवारा

दोन दिवसांनी येतेय. डॉक्टरांनी दोघींचा ईसीजी काढला, नॉर्मल आहे.

काकांनी सांगितलेलं वाक्य फोनवर जसंच्या तसं म्हटलं. पाऊण तासात माणसं आली. आधी सप्लाय बंद केला, मग खांबाच्या बुडाची खिडकी दाखवली. तिचं झाकण कधीपासूनच नव्हतं. केबल पत्र्याच्या कडेला घासून घासून सोलली होती, बोटभर तांबं उघडं. आणि अर्थिंगची हिरवी तार होती, पण तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. गंजलेल्या बोल्टखाली नुसती वाकून पडली होती. मी बराच वेळ त्या टोकाकडे बघत उभी होते.

त्यांनी केबल बदलली, हिरवी तार नवीन बोल्टनं आवळली, झाकण बसवलं. मी विचारलं म्हणून यंत्र लावून दाखवलंसुद्धा.

काजवा

आमच्याही खांबाची तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला आहे. तोवर दोन्ही बाजूंना दोरी बांधून लाल कापडं लावलीत, खांबापासून भरपूर लांब.

मधली_सुट्टी

वर्गात झालं. आज मधल्या सुट्टीत मैदानभर पेंग्विन होते. एका मुलानं विचारलं, पाणी चावलं आणि आई सोबत नसेल तर? मी म्हटलं, मागे सरकायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, "पाण्यात करंट!" मग सगळ्यांनी इतक्या जोरात ओरडून दाखवलं की शेजारच्या वर्गातून बाई धावत आल्या.

जुना_लाइनमन

सांजवारा ताई, त्यांनी त्याच केबलवरचे पुढचे खांब उघडून बघितले का? एकाच वेळी, एकाच हातानं उभे केलेले खांब असतात. एकाची हिरवी तार सुटली असेल, तर बाकीच्यांची बघायला हवी.

सांजवारा

नाही बघितले, काका. पुढे आणखी चार आहेत, शाळेच्या फाटकापर्यंत. आत्ताच फोन लावते.